खुर्चीवर टांगलेली चादर

“सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाही,” म्हणत आजोबांनी नातीच्या हातून इस्त्री काढून घेतली. एकाच बाहीवर ती चौथ्यांदा फिरवत होती. उद्यापासून ऑफिसातल्या चार मैत्रिणींना तिनं काम नेमून द्यायचं होतं. आजवर त्यांच्याच डब्यात हात घालून जेवलेली ती.

“त्या माझं ऐकणार नाहीत, आजोबा. आत्तापासूनच मॅडम म्हणून चिडवतायत.”

“आमच्या लाँड्रीत तीस इस्त्र्या. खोली इतकी तापायची, की छपरावरचं कबूतर अंडं घालायचं ते उकडलेलंच.”

“आजोबा.”

“बरं, अर्धंकच्चं. तर एका सकाळी आमच्यातलीच एक मुकादम झाली. मालकानं बजावलं, आज एक जरी कापड जळलं तर परत टेबलाशी. आणि आमची रीत अशी, की जो कापड जाळेल त्याच्याच जागेवर ते दिवसभर टांगायचं. येणारा-जाणारा हसून जायचा.”

कोपऱ्यात आजी उशांना अभ्रे चढवत होती. तिनं मान वर केली नाही.

“दुपारी एका गड्याची इस्त्री घसरली. त्याचाही त्या मुकादमाच्या खुर्चीवर डोळा होता म्हणे. पांढरीशुभ्र चादर, आणि मधोमध ताटाएवढा काळा डाग.”

“मग?”

“सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तिनं चादर उचलली आणि सरळ स्वतःच्या खुर्चीवर टांगली. मालक आला, तर म्हणाली, ‘मुकादम मी आहे. जळलं ते माझं.’”

“गेली खुर्ची?”

“मालक त्या डागाकडे इतका वेळ बघत राहिला, की त्याच्या मिशा दोन बोटं वाढल्या. मग आला तसा निघून गेला. त्यानंतर तो गडी बावीस वर्षं तिच्या हाताखाली होता. साधा रुमाल जळू दिला नाही त्यानं.” आजोबांनी बाहीची घडी बोटानं सरळ केली. “असलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.”

“हेही त्या कबुतरासारखंच ना?”

“कबूतर सोड. बाकी अक्षर न् अक्षर खरं.”

आजीनं शेवटचा अभ्रा झटकला.

“अहो, इस्त्री घसरली नव्हती. तुम्ही ती दाबून धरली होतीत. मी समोरच त्या खुर्चीत बसले होते.”