कॅप्टनचा दुसरा चष्मा

मी एक जुना चष्मा आहे, आणि त्यातही राखीव. खेळात बाकावर बसवून ठेवलेला गडी असतो ना, तसा. मित्रांनो, राखीव वस्तूला स्वतःचं असं आयुष्य नसतं, ती फक्त वाट बघते, असं लोकांना वाटतं. बरीच वर्षं मलाही तसंच वाटायचं. पण माझी हकिगत ऐकलीत तर तुम्हाला माझ्याइतकाच राग येईल, आणि तो यावा अशी माझी इच्छा आहे.

माझे मालक वैमानिक होते. तरुणपणी ते हवाई दलात होते आणि युद्धात, डोंगरांत अडकून पडलेल्या सैनिकांसाठी विमानातून धान्याची पोती आणि औषधांच्या पेट्या खाली टाकायचे. नदीकाठी खुणेसाठी पसरलेलं रुमालाएवढं पांढरं कापड त्यांना ढगांच्या फटीतून दिसायचं. पुढे ते प्रवासी विमानं चालवू लागले, आणि पंचेचाळिशीत त्या नजरेने दगा दिला. चष्मेवाल्याच्या खुर्चीत ते रुसलेल्या मुलासारखे बसले होते.

"दोन करा," ते म्हणाले. "अगदी सारखे."

"एक हरवायचा बेत आहे वाटतं?" चष्मेवाल्याने विचारलं.

"दुसरा जवळ नसला तर विमानाला हात लावू देत नाहीत, बाबा."

तसा नियमच आहे. नंबर असलेल्या वैमानिकाने उड्डाणाला निघताना दुसरा चष्मा बरोबर ठेवलाच पाहिजे. म्हणून आम्ही जुळे जन्मलो. थोरला त्यांच्या नाकावर बसला आणि मी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात गेलो. थोरल्याने सूर्योदय पाहिले, समुद्र पाहिले. मी कप्प्याची चेन आतून पाहिली.

पण माझाही थाट होता बरं का! कॅप्टन निघायचे त्या दिवशी त्यांची बायको मला बाहेर काढायची, माझ्यावर फुंकर घालायची, मऊ फडक्याने पुसायची आणि परत ठेवताना मोठ्याने सांगायची, "चष्मा ठेवलाय हो!" ते बुटाची नाडी बांधता बांधता "बरं" म्हणायचे. नऊ वर्षांत एकदाही ती विसरली नाही. हे वाक्य नीट लक्षात ठेवा.

नऊ वर्षांत मी एकदाच कामाला आलो. विमान उतरायला वीस मिनिटं असताना थोरल्याचा स्क्रू निसटला आणि एक भिंग गळून कॅप्टनच्या मांडीवर पडलं. त्यांनी न बघता हात मागे नेऊन मला काढलं. मी पहिल्यांदा यंत्रांचे काटे पाहिले, धुकं पाहिलं, आणि धुक्यातून सरळ आमच्याकडे येणारी धावपट्टी पाहिली. चाकं टेकल्यावर कॅप्टन माझी काडी चाचपत म्हणाले, "राखलीस रे लाज!" कुणी मला आयुष्यातले सर्वात सुखाचे क्षण विचारले तर ती वीस मिनिटं मी सांगेन.

मग तो आला. कॅप्टनच्या हाताखाली दिलेला नवा सहवैमानिक. पहिल्या दिवशी तो इतका नटूनथटून आला की कॅप्टन म्हणाले, "या, नवरदेव!" तेच नाव पडलं. पोरगा हुशार होता, पण आडवा वारा असला की उतरताना घाबरायचा. कॅप्टनने त्याची भीती घालवली. ते कधी त्याच्यावर ओरडले नाहीत, नुसते म्हणायचे, "विमानाला घाई नाहीये, तुलाच आहे." तो त्यांच्या घरी जेवायला यायचा, बायकोला काकू म्हणायचा, आणि कॅप्टनची मुलगी त्याला दादा म्हणायची. घरचाच झाला होता म्हणा ना.

एका सकाळी विमान प्रवाशांनी भरलेलं असताना सरकारी तपासनीस कॉकपिटमध्ये आला. परवाने पाहून झाले. मग तो म्हणाला, "दोघांचेही राखीव चष्मे दाखवा." कॅप्टनने मला काढून मांडीवर घेतलं. नवरदेवालाही नंबर होता; तो खिसे चाचपू लागला. शर्ट, पँट, बॅग, पुन्हा शर्ट. त्याचा चष्मा घरी राहिला होता, आणि त्याची नोकरी अजून कच्ची होती. त्याच्या कपाळावर घाम आला. तेवढ्यात हवाई सुंदरीने काहीतरी विचारलं म्हणून तपासनीस दाराकडे वळला, आणि त्या दोन क्षणांत कॅप्टनने मला नवरदेवाच्या हातात दिलं.

"हा माझा," नवरदेव तपासनिसाला म्हणाला.

माझ्या भिंगांत खालच्या बाजूला वाचण्यासाठीची अर्धगोल चकती आहे. पंचविशीतल्या पोराला ती कशाला लागेल? पण तपासनिसाने तेवढंही पाहिलं नाही. त्याने कॅप्टनकडे हात केला.

"आणि तुमचा?"

"विसरलो," कॅप्टन म्हणाले.

त्यांना वाटलं होतं, आपली इतक्या वर्षांची नोकरी, चार शब्द बोलून सोडून देतील. पण तपासनीस नियमाचा पक्का निघाला. कॅप्टनना उतरवून दुसरा वैमानिक बोलावला. सगळ्या प्रवाशांच्या देखत ते बॅग घेऊन जिना उतरले. मी नवरदेवाच्या खिशात राहिलो आणि त्यांच्याशिवाय पहिल्यांदा आकाशात गेलो.

त्याच महिन्यात कॅप्टन नव्या वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे प्रमुख होणार होते. युद्धातून परतल्यापासून त्यांना तेच काम हवं होतं. कंपनीने चौकशी बसवली. लांब टेबल, तीन अधिकारी, आणि साक्षीला नवरदेव. मी त्याच्या छातीवरच्या खिशात होतो. परत द्यायलाच आणलं होतं त्याने मला.

"कॅप्टनचा राखीव चष्मा त्या दिवशी तुम्ही पाहिलात का?"

"नाही सर. माझं लक्ष यंत्रांकडे होतं."

कॅप्टनने एकदाच वर पाहिलं. रागावलेले नव्हते ते. पोरगा स्वतःहून बोलेल म्हणून थांबले होते. तो बोलला नाही, तेव्हा ते टेबलाकडे बघू लागले. मला तोंड असतं तर मी त्या खिशातून ओरडलो असतो!

"जो स्वतः विसरतो तो दुसऱ्यांना काय शिकवणार?" असं म्हणून कंपनीने ती खुर्ची कॅप्टनना दिली नाही. ते निवृत्तीपर्यंत विमानं चालवत राहिले. नवरदेवाची नोकरी पक्की झाली, तो कॅप्टन झाला, आणि काही वर्षांनी त्याच खुर्चीत जाऊन बसला. मी त्याच्या टेबलाच्या खणात. कॅप्टनने एकदा त्याला म्हटलं होतं, "चष्मा आणून दे रे सवडीने." दोनदा तो मला घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेला आणि घंटा न वाजवता परतला. अधूनमधून तो मला पुसतो. माझी निगा म्हणाल तर उत्तम आहे.

तेरा वर्षं अशी गेली. मग कॅप्टन वारले, आणि कंपनीच्या सभागृहात शोकसभा ठेवली. सभेआधी त्यांची मुलगी नवरदेवाच्या खोलीत आली. त्याने मला त्या दिवशी कोटाच्या आतल्या खिशात घेतलं होतं, देव जाणे कशासाठी.

"दादा, बाबांनी शेवटी शेवटी मला सगळं सांगितलं," ती म्हणाली. "मला भांडायचं नाहीये. पण आई तेरा वर्षं समजते की चष्मा ठेवायला तीच विसरली, तिच्यामुळे बाबांचं काम गेलं. बाबा म्हणायचे, तू ठेवला होतास. ती विचारायची, मग गेला कुठे? ते गप्प. आईच्या पोटात काही राहत नाही, ती चारचौघांत बोलून जाईल आणि तुझी नोकरी जाईल, म्हणून. आता मी सांगितलं तर तिला वाटतं, मी समजूत काढतेय. तू सांग. नाहीतर चष्मा दे, मी तिच्या हातात ठेवते."

खरं सांगतो, हे ऐकून मला माझ्या मालकांचाही राग आला. पोराला वाचवता वाचवता त्यांनी बायकोला त्या ओझ्याखाली ठेवलं. पण त्यांना आता काय बोलणार?

नवरदेवाचा हात कोटापर्यंत गेला. मला त्याची बोटं कापडातून जाणवली. मग हात खाली आला.

"अगं, तो चष्मा कधीच हरवला," तो म्हणाला. "आणि काकूंना आता या वयात कशाला त्रास?"

ती निघून गेली. तो मंचावर गेला. फार छान बोलला. युद्धातल्या पोत्यांबद्दल बोलला, आडव्या वाऱ्याबद्दल बोलला. आणि शेवटी म्हणाला, "एवढा शिस्तीचा माणूस, पण तोही एकदा राखीव चष्मा विसरला होता! माणूस आहे, विसरतो." लोक हसले. प्रेमानेच हसले.

सभा संपल्यावर तो पहिल्या रांगेत कॅप्टनच्या बायकोसमोर वाकला. तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. मी तिच्यापासून वीतभर लांब होतो. जिने नऊ वर्षं मला पुसलं, ती बाई माझ्यासमोर होती.

"माझ्यामुळे झालं रे ते सगळं," ती म्हणाली. "तुलाही त्या दिवशी ताटकळावं लागलं. राग धरू नकोस."

"असू द्या काकू," नवरदेव म्हणाला. "मी कधीच विसरलो ते."

मित्रांनो, त्याने तिला क्षमा केली!

आत्मवृत्ताच्या शेवटी आम्ही वस्तू सांगत असतो की आम्हाला जपा, फेकू नका, धूळ पुसा. मला तसलं काही नको. माझ्यावर धुळीचा कण नाही. मला एवढंच सांगायचं आहे की तुमच्यासाठी कुणी मुकाट्याने बोल लावून घेतला असेल, तर त्याची वस्तू जपत बसू नका. ती घेऊन त्याच्या घरी जा. तो नसला तर घरात जो असेल त्याच्या हातात द्या, आणि खरं काय ते सांगा. कॅप्टनची बायको अजून आहे. तिचं घर इथून चालत जाण्याइतकं जवळ आहे.