आठ वाजताची ओळ

त्याने यादीतल्या सतराव्या ओळीवर बोट ठेवलं आणि चटकन काढून घेतलं. पण शेजारच्या सहकारिणीची नजर घारीची. ऑफिसचा सगळा कारभार नव्या कॉम्प्युटरवर हलवायचा होता, आणि आपोआप चालणारं कुठलं काम कुणाचं, हे दोघांना दुपारपर्यंत लिहून द्यायचं होतं.

"हे आठचं कुणाचं? 'आई, गोळी घेतलीस का?'"

आपलंच, हे त्याला कबूल करावं लागलं. आई दुसऱ्या गावी एकटीच. रक्तदाबाची गोळी चुकली आणि गेल्या वर्षी ती चक्कर येऊन पडली, तेव्हा रोज सकाळी आठला त्याच्या नावाने आपोआप मेसेज जाईल, अशी सोय त्याने केली होती. तासाभरात उत्तर आलं नाही, तरच प्रोग्रॅम त्याला कळवणार होता. आठ महिन्यांत एकदाही कळवलं नव्हतं.

"ऑफिसच्या रिपोर्टची ओळ जशीच्या तशी उचललीस वाटतं. हीसुद्धा सोमवार ते शुक्रवारच चालते," ती हसली. "आईलाही शनिवार-रविवार सुट्टी?"

आठवड्याचे दोन दिवस आईला कुणी विचारलंच नव्हतं. तो पाणी प्यायला उठला, न पिताच परत आला, पुन्हा उठला. स्वतःच्या गलथानपणाची त्याला चीड आली. शेवटी फोन घेऊन तो जिन्यात गेला.

कामाच्या वेळी फोन म्हटल्यावर आईच आधी घाबरली. सगळं ठीक आहे ना, हे तिने तीनदा विचारलं. मग त्याने शनिवार-रविवारचं विचारलं.

"त्या दिवशी बरोबर घेते रे. गोंधळ होतो तो बाकीच्या दिवशी."

"म्हणजे?"

"तुझा मेसेज आला की आधी 'घेतली' लिहून टाकते. तू वाट बघत बसलेला असतोस ना. मग घेतली की राहिली, माझं मलाच आठवत नाही."

त्याने कठडा घट्ट धरला. तिचं एकही उत्तर त्याने आजवर उघडलेलं नव्हतं.

"आजची घेतलीस?"

ती बघून आली. गोळी पाकिटातच होती.

"आता घे. मी थांबतो."

"नको, तुझं काम अडेल. घेतली समज."

"नाही आई. आधी घे."

तो पायरीवर बसला. पलीकडे पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला.