रंभाबाईचा आराम

नागपूरच्या एका संस्थेनं मनगटावर बांधायचे पट्टे चाचणीसाठी गावात वाटले. ऊन किती, हवेत दमटपणा किती, माणूस राबतो किती, सगळं त्या पट्ट्याला कळतं म्हणे. वारलूनं आपल्या आणि बायको रंभाच्या मनगटावर पट्टे चढवले आणि लगेच पैज लावली.

कारण जत्रा. महाशिवरात्रीला वैनगंगेकाठी मार्कंड्याच्या जत्रेत रंभाची बहीण येते, पार सिरोंच्याकडून. वर्षात तेवढीच भेट. पण यंदा घरी म्हैस व्यायलेली, एकाला थांबणं भाग. आणि वारलूला जत्रेची हौस दांडगी.

"ज्याच्या पट्ट्यात काम जास्त, तो जाईन," वारलू म्हणाला. "मशीन खोटं बोलत नाई."

रंभा मनातल्या मनात हसली. ती दिवसभर बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या चिखलात वाकून उन्हाळी धान रोवणार, आणि हा गडी मोटारसायकलवर गावोगाव हिंडणार. पैज कसली, जत्रा पदरातच पडली!

शिवरात्रीच्या आदल्या सकाळी संस्थेचे दिनेशभाऊ बांधावर आले. मोबाइल बघून त्यांनी निकाल वाचला. वारलू: भरपूर चालणं, कडक मेहनत. खड्ड्यांत गाडीनं खाल्लेला प्रत्येक गचका पट्ट्यानं इमानानं पाऊल म्हणून धरला होता. रंभा: दिवसभर आराम.

"चाचणीच आहे बाई, चूक लिहून घेतो," दिनेशभाऊ म्हणाले. पण वारलू निकालाला चिकटून बसला. रंभाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बहीण वाट बघत बसेल आणि जत्रेत येईल कोण, तर हा!

तिनं पदरानं डोळे पुसले आणि पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची पेंढी नवऱ्याच्या हातात दिली. "उद्या जत्रेत थकसान तुमी. आज माह्या जागी आराम करा."

रोवणीच्या बाया खुदखुदल्या. वारलूला बोललेला शब्द गिळता येईना. उतरला बिचारा चिखलात.

दुपारी त्याचा पट्टा थरथरला. बांधावर थांबलेल्या दिनेशभाऊंनी पट्ट्यावरचा निरोप वाचला: "बराच वेळ बसून आहात. उठा, थोडं चाला."

वारलूनं उठून पाहिलं. कंबर काही सरळ होईना. तसाच वाकलेला तो चिखलाकडे बघत म्हणाला, "रंभे, तूच जा वं मार्कंड्याले. म्हशीचं मी पाहतो."

दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी वैनगंगेच्या वाळूत हात धरून फिरल्या, हसल्या, पोटभर रडल्या. संध्याकाळी रंभाचा पट्टा थरथरला. बहिणीनं पट्ट्यावर वाचलं, "शाब्बास! आज फार कष्ट केले. आता आराम करा."

"उद्या करतो ना वं बाई," रंभा म्हणाली. "दोन बांध्या राह्यल्या रोवायच्या."