ओल्या तळव्याएवढी काच

"ताई, फिल्म काढता येते, रंग खरवडता येतो. हे कोरणं मात्र एकदा झालं की काच परत पहिल्यासारखी होत नाही. एक दिवस विचार करा," असं काचवाला म्हणाला होता. मी हसले होते. म्हटलं, मला तेच तर हवंय.

आमचं घर तळमजल्यावर. मागच्या गॅलरीला फरशीपासून छतापर्यंत काच, तिच्यापलीकडे दोन हातांचा बोळ आणि बोळापलीकडे काकूंची जमिनीलगतची, गजांची खिडकी. काकू म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली काकू. तो चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून त्याला वाढवलं ते काकूंनी. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, काका जाऊनही बरीच वर्षं झालेली. आमच्या मुलीचा जन्म झाला त्या आठवड्यात त्यांनी खुर्ची खिडकीशी ओढली आणि ती तिथून हलली नाही.

मी पुस्तकं वाचून, डॉक्टरांना विचारून, वहीत वेळा लिहून मूल वाढवत होते. मुलीच्या श्वासाकडेसुद्धा माझं लक्ष असायचं. आणि समोरून आवाज यायचा. अगं, टोपी घाल. अगं, मान सांभाळ. एवढं रडेपर्यंत वाट बघायची असते का? मी बहिणीला फोनवर सांगायचे, आमच्याकडे समोर कॅमेरा बसवलाय, चोवीस तास चालू, बॅटरी काही संपत नाही. एकदा हे सांगून वळले तर खिडकीत काकू. मी सारवासारव केली नाही. ऐकू गेलं ते बरंच झालं, असं वाटलं मला.

आधी मी काच धूसर करणारा स्प्रे मारला. तो पुसता पुसता दोन महिन्यांत गेला. मग फिल्म लावली. दुपारच्या उन्हाने तिला फुगे आले, एक कोपरा सुटला, आणि त्या कोपऱ्यातून बरोबर काकूंचा चष्मा दिसायचा. म्हणून शेवटी काच कायमची धूसर करायला काचवाल्याला बोलावलं.

नवरा म्हणाला, पडदा लाव ना. मी म्हटलं, पडदा लावला तर मुलीला ऊन कुठून मिळणार? तो मुलीला घेऊन बागेत गेला, कारण काच कोरणाऱ्या लेपाचा वास लहान मुलांना वाईट, असं काचवाल्याने बजावलं होतं.

काचवाल्याने मला एकच प्रश्न विचारला, लेप आतून लावू की बाहेरून? काच कोरली की ती बाजू खरखरीत होते, आणि त्या बाजूला पाणी लागलं की वाळेपर्यंत आरपार दिसतं. बाहेरून केलं तर बाहेरचं कोणीही पाणी मारून आत बघेल. आतून केलं तर पाणी तुमच्या हातात. मी क्षणभरही विचार केला नाही. आतून, म्हणाले.

त्याने जाड हातमोजे चढवले, तोंडाला मास्क बांधला, चौकटीला चिकटपट्टी लावली, खाली प्लास्टिक अंथरलं आणि पांढरा लेप प्लास्टिकच्या पट्टीने सारखा पसरला. वीस मिनिटांनी तो खरवडून डब्यात भरला आणि काच बादलीभर पाण्याने धुतली. धुतल्यावर काच पहिल्यासारखीच स्वच्छ! समोर काकू बसलेल्या, चेहऱ्यावर हसू. मी काचवाल्यावर घसरले, हे काय, पैसे कशाचे घेता? तो म्हणाला, वाळू द्या, ताई.

काच कडांकडून वाळत आली. आधी काकूंच्या खिडकीची चौकट गेली, मग खांदे, मग एक डोळा. काकूंनी हात वर केला होता. तो निरोपाचा होता की नुसता काय चाललंय म्हणून, कोण जाणे. मी हात वर केला नाही. शेवटचा ओला ठिपका वाळेपर्यंत मात्र उभी राहिले. काचवाला नंतर प्लास्टिक झटकायला बोळात गेला तेव्हा काकू त्याला काहीतरी विचारत होत्या, एवढं ऐकू आलं.

महिनाभर माझ्यासारखी सुखी मीच. काचेतून ऊन यायचं, रंगांचे डाग दिसायचे, माणूस नाही. काकूंच्या शालीचा लाल डाग हलला की मला कळायचं, आहेत. तेवढं पुरे होतं.

मग नवरा कामासाठी आठवडाभर बाहेरगावी गेला. मंगळवारी दुपारी मुलगी नुकती झोपली होती आणि समोरून ठकठक सुरू झाली. गजावर चमचा आपटावा तशी. लाल डाग खाली-वर हलत होता. मला वाटलं, काच केल्याचा राग काढतायत. बोलणं बंद झालं, आता वाजवणं. मी पंखा मोठा केला आणि फोनवर पावसाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावलं. मुलीला त्याने झोप लागते. चारच्या सुमाराला फोन बंद केला, तर ठकठक थांबलेली. जिंकले, असं मी मनात म्हणाले. शब्दसुद्धा आठवतो, म्हणून लिहिते.

बुधवारी लाल डाग खिडकीच्या तळाशी होता आणि हलत नव्हता. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला, काकू फोन उचलत नाहीयेत, जरा बघून ये. मुलगी कडेवर, दूध गॅसवर. मी काचेकडे पाहिलं आणि म्हटलं, "खिडकीत बसल्यात की. मला दिसतायत."

गुरुवारी त्याने परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. रुसल्या असतील, असंही वर जोडलं. नळ गॅलरीपासून सहा पावलांवर होता.

शुक्रवारी सकाळी मुलगी काचेला धरून उभी राहायला शिकत होती. दात येत होते, त्यामुळे हनुवटीपासून हातापर्यंत लाळच लाळ. तिने काचेवर थाप मारली आणि हात काढला. पांढऱ्या काचेत तिच्या तळव्याएवढं, पाच बोटांसकट, स्वच्छ भोक पडलं. मी फडकं घेऊन पुसायला वाकले आणि त्यातून समोर पाहिलं.

शाल गजांत अडकली होती. तिच्याखाली, शेवटच्या दोन गजांमधून, एक हात बाहेर लोंबत होता. बोटं काळी-निळी पडलेली. खाली बोळात चमचा पडला होता.

दार शेजाऱ्यांनी फोडलं. काकू जिवंत होत्या. स्वयंपाकघरातून येताना पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, सरपटत खिडकीपर्यंत आल्या आणि तिथेच तीन दिवस पाण्याविना. डॉक्टर म्हणाले, हाडाचं काही नाही, हाडं जुळतात. त्याच दिवशी आणलं असतं तर मूत्रपिंडं वाचली असती.

नवरा रात्रभर गाडी चालवत आला. शनिवारी काकूंना थोडं बोलता आलं. त्या त्याच्याशी बोलल्या, नजर मात्र माझ्यावर.

"पाणी लावलं की आतून दिसतं, हे त्या काचवाल्याने मला सांगितलं होतं रे. म्हणून मी काचेकडेच बघत होते. आता लावेल, मग लावेल."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "तू म्हणालीस, दिसतायत."

सोमवारी काकू गेल्या. पंधरा दिवसांनी मी भीत भीत म्हटलं, काच बदलून घेऊ का? तो वर्तमानपत्र वाचत होता. "कशाला? टिकाऊ आहे," म्हणाला आणि पान उलटलं. माझी बहीणही आता फोनवर मुलीची चौकशी करते आणि फोन ठेवते.

मी रोज सकाळी ओलं फडकं फिरवते. समोर खुर्ची दिसते, रिकामी. दहा मिनिटांत कडा पांढऱ्या होऊ लागतात. मुलगी आता चालते. ओल्या हाताने काचेवर थाप मारते आणि त्या भोकातून बघते. तिथे कोण असायचं, हे तिला कोणीतरी सांगेलच. मी सांगेन की तिचा बाप, एवढंच ठरायचंय.

तुमच्याही समोर कोणीतरी राहत असेल, ज्याचा तुम्हाला कंटाळा आहे. दिवसभर टोकणारं, खोकणारं, डोकावणारं. पडद्यामागे त्याची सावली दिसते, दिवा दिसतो, दोरीवरचा टॉवेल दिसतो, म्हणून तुम्ही धरून चालला आहात की सगळं ठीक आहे. तो टॉवेल कालपासून तिथेच आहे का, ते आठवून बघा. आठवत नसेल तर हे इथेच ठेवा आणि जाऊन दार वाजवा. फोन करू नका. आतून आवाज येईपर्यंत तिथून हलू नका.