न बोललेल्यांचे गुण

आमच्या मंडळाच्या तक्त्यात आमदाराचा पक्ष लिहायचा नसतो. नाव, मतदारसंघ, आठ विधेयकं आणि शंभरपैकी गुण. बेळगावचं हिवाळी अधिवेशन संपलं की दर जानेवारीत सीमाभागातल्या उद्योजकांचं हे मंडळ अठरा आमदारांना गुण देतं. धंद्याच्या बाजूनं कोण उभं राहिलं एवढंच बघायचं. पक्ष नाही, जात नाही, मराठी की कन्नड तेही नाही. अध्यक्ष चिंतामणीकाका निवृत्त वकील, या बाबतीत फार कडक. मला ते आवडायचं. एम.कॉम. होऊन घरी बसले होते. चिन्मयी अडीच वर्षांची झाली तशी ही अर्ध्या दिवसाची नोकरी धरली. विधानसभेच्या कामकाजाचे कन्नड अहवाल वाचायचे आणि तक्ता भरायचा.

यंदा सहाव्या रकान्याशी माझा हात अडला. कारखान्यातली पाळी बारा तासांची करायला मुभा देणारं विधेयक.

माझा नवरा नागेंद्र मंडळाचेच सभासद मारुतीराव यांच्या फाउंड्रीत ओतकामावर आहे. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं. डिसेंबरात माणसं कमी पडली म्हणून त्याला रोज बारा-बारा तास थांबवून घेतलं. एका संध्याकाळी घरी आला, चिन्मयीला मांडीवर घेऊन भात भरवायला बसला आणि घास हातात तसाच धरून झोपला. पोरगी त्याच्या बोटांतून शितं वेचून खात होती. मी त्याच्या पायातला मोजा काढला, तर घोट्याजवळ जळून भोक पडलेलं, आत कातडी लाल.

"ठिणगी उडाली असंल," जागा झाल्यावर म्हणाला. "कळलंच न्हाय मला."

भाजलं तरी याला कळलं नाही, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. तेव्हापासून तो यायच्या वेळेला मी दारातच असते.

विधेयक आवाजी मतदानानं मंजूर झालं होतं. कुणी हो म्हटलं, कुणी नाही म्हटलं, याची नावानिशी नोंद राहत नाही. त्यासाठी मंडळाचा जुना नियम आहे. जो विरोधात बोलला त्याला शून्य, बाकीचे सगळे बाजूनं धरायचे. विरोधात एकटे आमदार मष्णू गावडे बोलले होते, सात मिनिटं. दहाव्या तासाला भट्टीपुढं माणसाचे डोळे कसे होतात, ते त्यांनी सांगितलं होतं. मी ते दोनदा वाचलं आणि त्यांच्या नावापुढं शून्य लिहिलं. उरलेल्या सतरा जणांना पूर्ण गुण. त्यातले चार त्या दिवशी सभागृहात नव्हतेच.

शनिवारी अकरा वाजता बैठक बसली. निपाणीचे तंबाखू व्यापारी भावकूअण्णा तक्ता बघून हसायलाच लागले.

"पैला नंबर ह्यो? अवं, पाच वर्सांत जांभई सोडली तर तोंड उघडलं न्हाय ह्यानं! मलाबी आमदार करा की. मी लई गप बसतो."

"तुम्ही आणि गप?" मारुतीराव म्हणाले, तसे सगळे हसले. मग त्यांनी सहाव्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे मोठ्या अक्षरात छापा. अठरातले सतरा आमदार बारा तासांच्या बाजूनं. पेपरात येऊ दे. एक तारखेपास्नं आम्ही पाळी बदलतोय. कुणी कुरकुर केली तर ह्योच कागद दाखवणार."

एक तारखेला आठ दिवस होते.

चिंतामणीकाकांनी चष्मा पुसला. "हरकत नसेल तर सर्वानुमते मंजूर. रूपाली, लिहून घे."

बैठकीचं इतिवृत्त मीच लिहिते. अर्धा शब्द लिहून झाला होता.

"काका, हरकत आहे." मी पेन खाली ठेवलं.

"कुणाची? तुझी?"

"सतरा जण बाजूनं होते असं कुठंच लिहिलेलं नाही. ते बोलले नाहीत, एवढंच आहे. चौघं तर आलेच नव्हते."

"अगं, दरवर्षी असंच धरतो की आपण," भावकूअण्णांनी समजूत घातली.

"करातल्या सवलतीला चालून गेलं, अण्णा. हा कागद दाखवून आता माणसांना बारा तास भट्टीपुढं उभं करणार आहेत."

मारुतीरावांनी मला निरखून बघितलं. "तू आमच्या नागेंद्रची मालकीण न्हवं?"

"व्हय."

"मग असं सांग की! घरचं दुखणं हाय हे. आणि आपण म्हणायचं, मंडळ निःपक्ष."

टोमणा मला लागला, कारण खोटा नव्हता. चिंतामणीकाकांनी तक्ता स्वतःकडं ओढून सहावा रकाना वाचला.

"घरचं असू दे," ते म्हणाले, "पण ती म्हणते ते चूक आहे का, मारुतीराव? रूपाली, सतरा जणांपुढं 'नोंद नाही' लिही. गावड्यांचं शून्य मात्र राहील. ते बोललेत."

"मग छापायला उरलं काय त्यात?" मारुतीराव उठले. दारातून वळून म्हणाले, "सोमवारी नागेंद्रला माझ्या केबिनमध्ये यायला सांग."

घरी आले तेव्हा नागेंद्र अंगणात चिन्मयीचे केस विंचरत होता. त्याची सुट्टी होती. मी सगळं सांगितलं, शेवटचा निरोपही. त्याचा हात थांबला.

"बारा तासांच्या कागदावर मी गुरुवारीच सही करून दिलीया," तो म्हणाला. "संमती हाय म्हणून. समद्यांनीच दिली."

"मला बोलला नाहीत."

"बोलून काय? तुला घोर लागला असता."

"तुम्हाला हवी होती का बारा तासांची पाळी?"

"आमाला कोण इचारतंय?"

"मी विचारते."

तो चिन्मयीच्या केसांतला गुंता सोडवत राहिला. सोमवारी नोकरी राहते की जाते, दोघांनाही माहीत नव्हतं. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले, त्याच्या हातातली फणी काढून घेतली आणि पुन्हा विचारलं.