मोहाला टांगलेला रूळ

आमच्या प्राचार्यांनी एका पत्राला उत्तर दिले नाही, आणि वर्षभर सारे गाव माझ्याकडे पाठ फिरवून आहे. मित्रांनो, ते पत्र माझ्याबद्दल होते, म्हणून ही हकिकत मीच सांगायला हवी. नीट जमेल की नाही, ठाऊक नाही. मला एकच सूर येतो.

मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. गोंदियाच्या छोट्या गाडीखाली झिजलो, तेव्हा मला कापून भंगारात टाकले. तिथून एका फादरांनी मला ट्रकमध्ये घालून चिचगडच्या वाटेवरच्या पळसटोल्याला आणले. तिथे त्यांनी मिशनचे कॉलेज काढले होते. दोन कौलारू खोल्या, कला शाखेचा एक वर्ग आणि जंगलातल्या गावांहून चालत येणारी मुले, एवढाच पसारा. खरी घंटा परवडत नव्हती, म्हणून मला फाटकाजवळच्या मोहाच्या झाडाला टांगले. तासालाही मीच, प्रार्थनेलाही मीच. "सध्या रूळ, पुढे घंटा," असे ते म्हणत. ती पुढे कधी आली नाही. मी घंटा आहे की नुसते लोखंड, हा संशय मला तेव्हापासून आहे.

कॉलेज वाढले. वाणिज्य शाखा आली, मुलींचे वसतिगृह झाले. इथे शिकलेले कुणी शिक्षक झाले, कुणी तलाठी. गावालाही माझी सवय झाली. तलावाचे पाणी शेतांना पाळीने मिळते, आणि पाळी बदलायची ती माझ्या दुपारच्या ठोक्यांवर, असा रिवाजच पडला. मोबाइल आले तरी तो मोडला नाही. मोबाइलचे घड्याळ ज्याच्या त्याच्या खिशात. माझा आवाज सगळ्यांच्या कानात.

पूर्वी तलाव होळीलाच आटायचा. गाळ काढल्यावर गेल्या वर्षी पहिल्यांदा उन्हाळी धान लागले. पाणी सोसायटीचे अध्यक्ष भोजराज यांनी प्राचार्यांना लिहिले, गुड फ्रायडेच्या सुट्टीतही दुपारचे ठोके द्यावेत. पण येशूच्या मरणाच्या शोकात, गुरुवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत आमच्याकडे घंटा वाजत नाही. प्राचार्य फादर तिर्की पुस्तकांत रमणारे आणि माणसांना बिचकणारे. 'नाही' कसे लिहावे, ते त्यांना सुचेना. राहून गेले.

शुक्रवारी सकाळचे पाणी कवडूच्या धानाच्या बांधीत होते. दुपारपासून धुरपताबाईची पाळी. तिचे धान पोटरीवर आले होते, लोंब्या फुटायच्या बेतात; नेमके तेव्हाच पाणी हवे.

"कवडू, सोड पाणी. सूर्य माथ्यावर आला."

"घंटा कुठं झाली? घंटा झाल्याबिगर पाळी बदलत नाही."

शनिवारीही तेच. तेव्हा धुरपताबाई तणतणत फाटकात आली आणि मला वाजवायचा दांडा उचलायला धावली. मला रोज वाजवणाऱ्या नंदाबाईने तो आधीच पाठीमागे लपवला.

"वाजव नं वो! हात मोडला का तुझा?"

"आज नाही वाजवत. आमचा देव गेला हाय."

"तुमचा देव गेला म्हणून माझा धान मारता? तुमचा देव तर उद्या उठते म्हणता. माझा धान उठंल का?"

"तोंड सांभाळ, धुरपते!"

हुकलेली पाळी परत मिळाली नाही आणि धान उठले नाही. लोंब्या पोचट निघाल्या. मग गावच फाटकावर आले.

"काऊन जी फादर, दोन ठोके द्याले काय जात होतं?" भोजराज गरजले.

"त्या दिवसांत आम्ही घंटा..." फादरांचा आवाज ओठांतच राहिला.

"घंटा कुठं हाय? रूळ हाय तो! आमचे पोट्टे सडक अर्जुनीले जातील, पन तुमच्या फाटकात पाय ठेवणार नाहीत. आता तोंडी बोलणं बंद. आम्ही लिहून मागितलं होतं, तुम्ही बी लिहूनच द्या, पोस्टानं."

तेव्हापासून गाव मोबाइल पाहून पाळ्या लावते आणि रोज भांडते. कॉलेजचे वर्ग निम्मे ओस आहेत. जाता-येता पोरे मला दगड मारतात; मी वाजतो, पण त्या आवाजाने कुणाचे पाणी वळत नाही. खोटे कशाला बोलू, मलाही राग आहे. गावाचा आहे आणि कॉलेजचाही.

यंदा रोवणीआधी धुरपताबाई फाटकाबाहेर उभी राहिली. आत आली नाही.

"फादर, मोबाइलवरची पाळी कोणी मानत नाही. यंदा बी माझी पाळी त्याच शुक्रवारी हाय. नाही वाजवत तर नाही म्हणा. मग मी धानच नाही लावत."

फादर माझ्याखाली खुर्ची टाकून बसले. किती कागद फाडले, देव जाणे. शेवटी नंदाबाईला वाचून दाखवले: "शुक्रवारी आणि शनिवारी रूळ वाजणार नाही. पण त्या दोन्ही दुपारी मी स्वतः तलावाच्या बांधावर उभा राहून पाळी बदलल्याची हाक देईन. धुरपताबाईंनी धान लावावे."

"फादर, तुमचा आवाज मागच्या बाकापोत नाही जात जी!"

"म्हणून तर लिहायला वर्ष लागलं," फादर म्हणाले.

मित्रांनो, मला तेल लावा, रंग द्या, असे मी म्हणत नाही. लोखंडाचे काय, गंजेल. पण कुणी काही विचारले तर त्याला ताटकळत ठेवू नका. 'नाही' म्हणायचे असेल तर तेही वेळेवर म्हणा.

टपालपेटी फाटकासमोरच आहे. तिच्या शेजारच्या चहाच्या टपरीवर भोजराज बसले होते. त्यांनी फादरांना पाहिले आणि तोंड फिरवले. फादर रस्ता ओलांडून गेले, पाकिटावरचे भोजराजांचे नाव एकदा वाचले आणि पाकीट पेटीत टाकले.