विश्रामगृहातला मारेकरी

कीटक संस्थेत सगळे तिला ढेकूणताई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिच्याकडे मारेकरी किड्यांची पाहणी होती. दुसऱ्या किड्याच्या अंगात सोंड खुपसून त्याचा रस पिणारे हे ढेकणांचे भाऊबंद किती जातींचे आहेत आणि कुठे कुठे राहतात, ते शोधायचं. नोकरी मात्र कंत्राटी. एखादी नवी नोंद आणा, लगेच कायम करतो, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. घरी मावशी रोज विचारायची, "झालीस का गं कायम?" आणि रोज हिचं तोंड एवढंसं व्हायचं.

तिने जंगलभर झाडांच्या साली उचकटल्या, दगड उलथले, कोळिष्टकं तोंडावर घेतली. हाती लागल्या त्या सगळ्या माहितीतल्याच जाती. शेवटी काखेत कळसा निघाला. संस्थेच्या विश्रामगृहात, पाहुण्यांच्या खाटेमागे, एक धुळीचा गोळा आपल्या पायांनी चालत होता. तिने भिंग लावलं. अंगाला धूळ चिकटवून शिकारीला निघालेलं मारेकरी किड्याचं पिल्लू, आणि तेही या भागात आजवर कुणाला न दिसलेल्या जातीचं. तिला इतका आनंद झाला की ती खाटेखाली एकटीच हसत राहिली.

साहेबही खूश झाले. वर्तमानपत्रवाल्यांना बोलवायचं ठरवूनच त्यांनी विचारलं, "खातो काय हा?"

"ढेकूण, साहेब."

"कुठले ढेकूण?"

"खाटेतले."

साहेबांचा चेहरा उतरला. अनुदान देणारे पाहुणे नुकतेच त्याच खाटेवर झोपून, रात्रभर अंग खाजवून, इथली हवा मानवली नाही असं म्हणत निघून गेले होते. किड्यांवरच ज्यांचं पोट चालतं त्यांच्याकडे चार किडे निघाले तर बिघडलं कुठे? पण मोठ्या माणसांची अब्रू नेमकी खाटेखाली असते, म्हणून सगळ्या संस्थेत याबाबत अळीमिळी गुपचिळी होती.

"असं करू," साहेब म्हणाले. "किडा तुमचाच. राहण्याचं ठिकाण फक्त जंगल लिहा. सालीखाली वगैरे."

"पण तो तिथे राहत नाही, साहेब."

"तुम्ही तरी इथे कुठे कायम राहताय अजून? दोघांचीही सोय एकदमच लावू."

तिला स्वतःची लाज वाटली. तरी तिने 'सालीखाली' असं लिहून दिलं. साहेबांनी त्याच दुपारी विश्रामगृहात औषध फवारायला माणसं बोलावली.

"निदान ती एक खोली तरी सोडा," ती काकुळतीला येऊन म्हणाली.

"पाहुणे यायचेत," साहेब म्हणाले.

ढेकूण चिवट, ते वाचले. मारेकऱ्यांचं एक पिल्लूही उरलं नाही.

नोंद गाजली. ती कायम झाली, मावशीने शेजारीपाजारी सांगून टाकलं. मग त्या किड्याचा जंगलात शोध घेण्यासाठी मोठी योजना मंजूर झाली आणि प्रमुख म्हणून तिलाच नेमलं. रोज ती साली उचकटते, रोज रिकाम्या हाताने परत येते. वर्षअखेरीच्या अहवालात तिने लिहिलं की हा किडा आता फार दुर्मिळ झाला आहे. सगळ्या अहवालात तेवढं एकच वाक्य खरं होतं, आणि ते खरं कुणी केलं हे तिला पक्कं ठाऊक होतं.